भाज्यांचीं स्थलवाचक नांवें : खानदेशच्या पेठांवरून कांहीं विचार

(१)

गांवांस झाडाझुडपांवरून नांवें पडतात, ही गोष्ट संशोधकांस नवी नाहीं. साक्री तालुक्यांतील पिंपळनेर किंवा शिरपूर तालुक्यांतील पळासनेर हीं नांवें उच्चारतांच त्यांतील पिंपळ व पळस ओळखूं येतात. स्थलनामांच्या अभ्यासाकडे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं महाराष्ट्राचें लक्ष वेधलें. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि पुढील वर्षीं त्याच गांवीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. परंतु ह्याच व्यवहाराची उलट बाजू, म्हणजे गांवाचें नांव भाजीस किंवा फळास कसें चिकटतें, हिचा विचार त्या मानानें मागें राहिला आहे.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. सनदा, महजर, बखरी सोडून वांगीं-मिरच्यांच्या नांवांत वेळ कां घालवावा, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, भांडारकर संस्थेचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तंबाखूसारख्या वस्तूचा इतिहास हस्तलिखितांतील तुरळक उल्लेख जुळवून लिहिला, आणि अशा उल्लेखांनीं ग्रंथांचे काळ ठरविण्यास कशी मदत होते हें दाखवून दिलें. भाजीचें नांव हें असेंच एक साधन आहे. मात्र तें वापरण्यापूर्वीं तें काय सांगतें व काय सांगत नाहीं, ह्याचा नीट निर्णय झाला पाहिजे.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, स्थलवाचक नांव हें भाजीची जन्मभूमि सहसा सांगत नाहीं. नांव देणाराच्या हातीं ती ज्या पेठेंतून अथवा बंदरांतून आली, ती पेठ किंवा तें बंदर सांगतें. दुसरी अशी कीं, त्या नांवाचें व्याकरणांतील रूप पाहिलें असतां तें नांव किती मुरलेलें आहे, ह्याचें अनुमान करतां येतें. दोन्ही गोष्टी खानदेशांतील उदाहरणांवरून जितक्या स्पष्ट होतात तितक्या अन्यत्र क्वचितच होतील.

(२)

ह्याचें कारण खानदेशाची जागा. तापीचें खोरें हा सुरत बंदर व बऱ्हाणपूर यांमधला जुना व्यापारी मार्ग होय. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी; १६०१ मध्यें अकबरानें असीरगड घेतल्यावर तेथें मोगली सुभ्याचें ठाणें झालें. सुरतेहून निघालेला माल नवापूर व नंदुरबार ह्या वाटेनें बऱ्हाणपुरास आणि तेथून आग्र्यास जाई. पश्चिमेस गुजराथ, उत्तरेस निमाड व माळवा, पूर्वेस वऱ्हाड आणि दक्षिणेस नाशिक व मराठवाडा, अशा चारी बाजूंनीं वेगवेगळ्या भाषांच्या व चवींच्या पेठा ह्या प्रांतास लागून आहेत. इंग्रजी अमलांत १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें ह्या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला.

मालास गांवाचें नांव लागण्याची रीति ह्या प्रांतांत जुनी आहे. आइन-इ-अकबरींत खानदेशच्या वर्णनांत धरणगांवीं विणल्या जाणाऱ्या कापडांचा नामनिर्देश आहे. सतराव्या शतकांत ह्या मार्गानें गेलेला फ्रेंच जवाहीर ताव्हर्निये हा नवापूरच्या तांदळाची विशेष वाखाणणी करतो : दाणा अगदीं बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र, वास कस्तुरीचा, आणि मोठमोठे उमराव दुसरा तांदूळ खात नाहींत, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. आज नवापूरचें नांव तांदळाशीं नव्हे, तर तुरीच्या डाळीशीं जोडलेलें आहे. ‘नवापूर तूरडाळ’ ह्या नांवास २०१६ सालीं भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंदणी मिळाली. गांव तेंच, त्याची ख्याति मात्र एका धान्यावरून दुसऱ्यावर गेली. एवढ्यावरून सावध व्हावयास हवें कीं, गांव आणि पीक यांची सांगड कायमची नसते. जुन्या कागदांत ‘नवापुरी’ असा नुसता शब्द आला, तर तो कोणत्या मालास उद्देशून आहे हें त्या कागदाच्या काळावरूनच ठरवावें लागेल.

(३)

आतां नांवांच्या रूपाकडे वळूं. मराठींत स्थलवाचक नांवें तीन रूपांत आढळतात.

पहिलें रूप षष्ठीचें : बामणोदचें वांगें, अलिबागचा कांदा, कृष्णाकाठचीं वांगीं. येथें बोलणाराच्या मनांत गांव किंवा नदी स्पष्टपणें जागी असते. तो वस्तूचें नांव सांगत नसून तिचा ठावठिकाणा सांगत असतो. उद्यां तीच वस्तु दुसऱ्या गांवाहून आली तर तो सहज दुसरें गांव घालील.

दुसरें रूप ‘ई’ प्रत्ययाचें : सुरती पापडी, संकेश्वरी मिरची, राजापुरी हळद. हा संबंधवाचक ‘ई’ फारसी वहिवाटीनें पेठेंत व दफ्तरांत दृढ झाला. सुरती रुपया हें त्याचें नाणेसंग्राहकांच्या परिचयाचें उदाहरण होय. ह्या रूपांत गांव मागें सरतें आणि वाण पुढें येतो. सुरती पापडी म्हणजे सुरतेहूनच आलेली पापडी नव्हे. त्या जातीची पापडी. ती अन्यत्र पिकली तरी सुरतीच राहते. संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजूस पिकते व तेथील पेठेंत विकली जाते, तरी नांव संकेश्वराचेंच.

तिसऱ्या रूपांत विशेष्य गळून पडतें आणि स्थलाचा शब्द हाच वस्तूचें नांव होऊन बसतो. वस्त्रांत ‘पैठणी’ हें ह्याचें प्रसिद्ध उदाहरण. फळांत ‘मोसंबी’, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकचें हें मराठी रूप असून, विकणारा व घेणारा यांपैकीं कोणाच्याहि मनांत आज आफ्रिका येत नाहीं. ‘ब्याडगी’ म्हटलें कीं मिरची, हेंहि तसेंच. येथें गांवाच्या नांवाचा शेवटच ‘ई’ असल्यानें प्रत्यय लावण्याचीहि गरज पडली नाहीं. ब्याडगी हें कर्नाटकांतील हावेरी जिल्ह्यांतलें मिरचीच्या मोठ्या पेठेचें गांव. तें नांव धारण करणारी मिरची मात्र भोंवतालच्या कित्येक तालुक्यांत पिकते. हा पेठेच्या नांवाचा उत्तम मासला होय.

‘चा’पासून ‘ई’कडे व ‘ई’पासून नुसत्या नामाकडे हा क्रम स्वाभाविक आहे. नवागत वस्तूस प्रथम ठिकाणा सांगावा लागतो. परिचय वाढतांच ठिकाण विशेषण बनतें. परिचय पूर्ण झाला कीं ठिकाण विसरलें जातें. म्हणून एखाद्या पेठेच्या वहींत ‘सुरतेची पापडी’ आणि त्याच पेठेच्या नंतरच्या वहींत ‘सुरती’ असें आढळल्यास, त्या दोन नोंदींच्या दरम्यान तो वाण तेथें रुळला, असें अनुमान करण्यास जागा होते. केवळ एका नोंदीवरून मात्र असें अनुमान करूं नये. लिहिणाराच्या संवयीचाहि त्यांत भाग असतो.

(४)

खानदेशची मुख्य भाजी जें वांगें, त्याच्यावरून पहिला सिद्धांत तपासूं. वांगें हें मूळचें ह्याच देशाचें. संस्कृतांत त्यास वातिङ्गण, वार्त्ताक, वृन्ताक अशीं नांवें आहेत. वातिङ्गणापासून फारसींत बादिंगान, अरबींत बादिंजान, पोर्तुगीजांत बेरिंजेला आणि त्यावरून हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या तोंडीं ब्रिंजल, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. मराठी ‘वांगें’ त्याच कुळांतलें. धर्मशास्त्राच्या निबंधांत चातुर्मासांत वर्ज्य म्हणून वृन्ताकाची गणना आहे, आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तें पुन्हां ताटांत येतें. अशा घरच्या भाजीच्या मूळ नांवांत स्थळ नसतें, व नसावें हेंच योग्य. जी नेहमींच येथें होती ती कोठून आली, असें विचारण्याचा प्रसंगच येत नाहीं. स्थळ येतें तें केवळ वाणास.

जळगांवकडचें भरिताचें वांगें मोठें, फिकट हिरवें, पांढरट रेघांचें व बियांना कमी असतें. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या आगींत तें भाजतात, सोलून लाकडी भांड्यांत ठेचतात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खातात. कपाशीचें पीक व हें भरीत यांचा संबंध असा निकट आहे. ह्या वांग्यासाठीं यावल तालुक्यांतील बामणोद, जळगांवजवळचें आसोदें अशा गांवांची ख्याति आहे.

आतां नांवें कशीं बदलतात तें पाहावें. बामणोदच्या मळ्यांत तें नुसतें वांगें. जळगांवच्या बाजारांत आल्यावर, दुसऱ्या गांवच्या वांग्यांपासून निराळें ओळखावें म्हणून, तें बामणोदचें होतें. पुण्यामुंबईस गेलें म्हणजे बामणोद कोणास ठाऊक नसतें. तेथें तें जळगांवचें किंवा नुसतें खानदेशी ठरतें. वस्तु एकच, परंतु जसजसें अंतर वाढतें तसतसें नांवांतील स्थळ मोठें होत जातें. गांवाचें नांव गांवांत पडत नाहीं, बाहेर पडतें. आणि बाहेरच्यास जेवढें ठाऊक असेल तेवढेंच तें सांगतें. धुळें जिल्ह्यांतील साक्रीकडचा कांदा नाशिकच्या पेठांतून उत्तरेस गेला म्हणजे तेथें तो नाशिकचाच समजला जातो, तें ह्याच नियमानें.

ह्यांतून कालनिर्णयाचें एक साधन मिळतें. पेठेचें वय हें त्या पेठेवरून पडलेल्या नांवाच्या वयाची मर्यादा होय. खानदेशांत बऱ्हाणपूर, धरणगांव, चोपडें ह्या पेठा जुन्या. जळगांवचा उत्कर्ष त्या मानानें अर्वाचीन : अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं (१८६१–६५) कापसास आलेला भाव, त्याच सुमारास आलेली आगगाडी, आणि १९०६ पासून पूर्व खानदेशचें मुख्य ठिकाण, ह्या कारणांनीं तें मोठें झालें. तेव्हां ‘जळगांवचें वांगें’ हें दूरच्या पेठांतलें नांव ह्या उत्कर्षापूर्वींचें असण्याचा संभव फार कमी. वाण मात्र त्याहून कितीहि जुना असूं शकेल. वाणाचें वय आणि नांवाचें वय ह्या दोन निराळ्या गोष्टी होत, हें सतत ध्यानांत ठेवावें.

(५)

पेठेवरून पडलेलें नांव वस्तूबरोबर कसें पुढें सरकतें, हें केळीच्या एका जातीवरून फारच चांगलें दिसतें. केळें पिकल्यावर फळ, कच्चें असतांना भाजी. म्हणून तें ह्या लेखाच्या कक्षेंत येतें. रावेर, यावल, चोपडें ह्या तालुक्यांत जी बुटकी केळ कित्येक वर्षें मुख्य होती व जिची जागा अलीकडे ग्रँड नैन ह्या जातीनें बव्हंशीं घेतली, तिला खानदेशांत बसराई म्हणतात. नांवाची घडण इराकांतील बसरा बंदराकडे बोट दाखविते. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या केळीचें मूळ दक्षिण चीनकडे मानतात. तिचीं रोपें १८३० च्या सुमारास मॉरिशसहून इंग्लंडास गेलीं, आणि तेथील ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेंत वाढल्यामुळें त्या घराण्याच्या नांवावरून तिला कॅव्हेंडिश हें शास्त्रीय व्यवहारांतलें नांव मिळालें.

हीच केळ हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं कोणकोणत्या नांवांनीं ओळखली गेली, तें पाहण्यासारखें आहे : मॉरिशस, सिंगापुरी, काबुली, बसराई, जहाजी, आणि शेवटीं भुसावळ व खानदेशी. ह्या यादींत चीन कोठेंच नाहीं. ज्यांस ती जहाजानें आलेली दिसली त्यांनीं तिला जहाजी म्हटलें. ज्यांस भुसावळच्या जंक्शनावरून आगगाडीच्या वाघिणींत भरून आलेली दिसली त्यांनीं भुसावळ म्हटलें. खानदेशानें जिला बसऱ्याचें नांव दिलें, तिलाच पुढच्या घेणारानें खानदेशाचें नांव दिलें. ज्यानें दुसऱ्याकडून नांव घेतलें तोच तिसऱ्यास नांव देणारा झाला. ही सांखळी लक्षांत घेतली म्हणजे ‘बसराई’ शब्दावरून केळीचें मूळ बसऱ्यास शोधूं जाणें किती निष्फळ आहे, हें निराळें सांगावयास नको.

(६)

ज्या भाज्या परदेशांतून आल्या, त्यांच्या नांवांत ही फसगत अधिक होते. मिरचीचेंच पाहावें. सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके १०५१ च्या सुमारास) अन्नाचें सविस्तर वर्णन आहे, पण तिखटासाठीं मिरें आहे, मिरची नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आइन-इ-अकबरींत मसाल्यांचे व भाज्यांचे भाव दिले आहेत, त्यांतहि मिरची नाहीं. ती मूळची अमेरिकेंतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यास लागलेली. मराठीनें तिला संस्कृत मरिचावरून, म्हणजे काळ्या मिऱ्यावरून, नांव दिलें. परंतु मुंबईकडे तिचें ‘गोवाई मिरची’ असें नांव एकोणिसाव्या शतकांतील वनौषधींच्या ग्रंथकारांनीं नोंदविलें आहे. मुंबईस ती गोव्याहून आली, तेव्हां गोव्याची झाली. तिकडे युरोपांत १५४२ सालीं फुक्स ह्या जर्मन वैद्यानें आपल्या वनस्पतिग्रंथांत तिलाच कालिकतचें मिरें म्हटलें. त्याच शतकांतील क्लूसियस ह्या वनस्पतिज्ञानें पोर्तुगीजांनीं ती ब्राझीलमधील पर्नांबुकोहून भारतांत नेली असें लिहिलें आहे. १८८६ मध्यें निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन ह्या अँग्लोइंडियन शब्दकोशानें तर इंग्रजी ‘चिली’ हा शब्द दक्षिण अमेरिकेंतील चिली देशावरून आला असें ठरविलें. वस्तुतः तो मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतला मिरचीचाच शब्द आहे. कालिकत, पर्नांबुको, गोवें, चिली, अशीं चार स्थळें एका मिरचीस चिकटलीं, आणि चारांपैकीं एकहि तिची जन्मभूमि नव्हे.

दुसरें उदाहरण तांबड्या भोपळ्याचें. ह्यास मराठी कोशांत काशीफळ म्हटलें आहे. खानदेशांत व मराठवाड्यांत गंगाफळ अथवा डांगर म्हणतात, आणि भंडाऱ्याच्या पंगतींत गंगाफळाच्या भाजीस मान असतो. काशी आणि गंगा, इतकीं पवित्र नांवें असलेली ही भाजी अनादि असावी असें कोणासहि वाटेल. परंतु हा भोपळाहि अमेरिकेंतलाच. संस्कृतांतील कूष्माण्ड तो आपला कोहळा, आणि अलाबु तो दुध्या. हे दोन येथले जुने. नवागत भोपळ्यास काशी-गंगेचें नांव मिळालें, त्याचे दोन अर्थ संभवतात : उत्तरेच्या वाटेनें तो दक्षिणेंत उतरला असावा, किंवा परक्यास घरांत घेतांना त्यास वडीलधारें नांव द्यावें अशी लोकांची वृत्ति असावी. अमेरिकेहूनच आलेल्या दोन फळांस आपण सीताफळ व रामफळ म्हणतों, हें पाहतां दुसरा अर्थहि दुर्लक्षण्याजोगा नाहीं.

तिसरें उदाहरण फरसबीचें. हा शब्द मराठी कानास अगदीं घरचा वाटतो. पण तो इंग्रजी ‘फ्रेंच बीन’चा अपभ्रंश होय. म्हणजे त्यांत फ्रान्स देश दडलेला आहे. ही शेंगहि मूळची अमेरिकेचीच. फ्रेंच ती इंग्रजांच्या दृष्टीनें. सिमला मिरची ही इंग्रजी अमदानींत सिमल्याच्या डोंगरांत लागवड होऊन मैदानांत उतरली, तेव्हां सिमल्याची झाली. विलायती चिंचेस मराठी माणसानें विलायत जोडली, इंग्रजांनीं तिलाच मनिलाची चिंच म्हटलें. झाड मात्र मेक्सिकोकडचें, स्पॅनिश लोकांच्या जहाजांबरोबर मनिलास येऊन पुढें पसरलेलें.

हीं उदाहरणें एकत्र मांडलीं असतां आणखी एक गोष्ट दिसून येते. अशा नवागत वस्तूंस पुष्कळदां दोन नांवें असतात : फरसबी आणि श्रावणघेवडा, सिमला मिरची आणि ढोबळी मिरची, काशीफळ आणि तांबडा भोपळा, बसराई आणि वामनकेळ. प्रत्येक जोडींतील पहिलें नांव स्थळावरून, दुसरें हंगामावरून, आकारावरून, रंगावरून किंवा उंचीवरून. पहिलें देवघेवीच्या व्यवहारांत उपजतें, कारण व्यापाऱ्यास माल कोठला हें सांगावें लागतें. दुसरें मळ्यांत व स्वयंपाकघरांत उपजतें, कारण तेथें वस्तु डोळ्यांपुढें असते. म्हणून एखाद्या बाडांत कोणतें नांव आलें आहे, ह्यावरून तें बाड लिहिणारा वस्तूकडे कोणत्या बाजूनें पाहत होता, हें अजमावतां येतें.

(७)

येथवर जे नियम सांगितले, त्यांस अपवादहि आहेत. प्रत्येक ‘ई’ स्थलवाचक नसतो. लवंगी मिरचींत लवंग नांवाचें गांव शोधूं नये. तें नांव आकारावरून पडलें आहे. तसेंच नांव देशाच्या नांवाशीं जुळलें म्हणून तें त्यावरूनच आलें असेंहि नाहीं. ‘पेरू’ ह्या फळाचें नांव दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशावरून पडलें असें सहज सांगितलें जातें, आणि फळ अमेरिकेंतलें असल्यानें तें खरेंहि वाटतें. परंतु कोंकणींत ह्या फळास ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीजांत नासपतीस ‘पेरा’ हा शब्द आहे. फळ पोर्तुगीजांबरोबर आलें हें ध्यानांत घेतां, देशाच्या नांवापेक्षां ही दुसरी व्युत्पत्ति अधिक जवळची दिसते. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे; प्रवासाची वाट आणि मधलीं रूपें हीं दोन्ही जुळलीं पाहिजेत, ही व्युत्पत्तिशास्त्राची शिस्त येथेंहि पाळावी.

कागदांच्या परीक्षेंत ह्या नांवांचा उपयोग पुढीलप्रमाणें करतां येईल. कोलंबसाची पहिली सफर १४९२ सालची. तत्पूर्वींचा म्हणून दाखविलेल्या कागदांत मिरची किंवा बटाटा आल्यास तो कागद संशयास्पद समजावा. काशीफळ आल्यास तें दुसरेंच कांहीं फळ आहे काय तें पाहावें. शिवकालीन म्हणून पुढें आलेल्या मुदपाकखान्याच्या यादींत मिरची असल्यास कांहीं बिघडत नाहीं, कारण तोंपर्यंत ती किनाऱ्यावरून आंत येण्यास पुरेसा अवधि होऊन गेला होता. परंतु त्याच यादींत फरसबी किंवा सिमला मिरची आल्यास ती यादी इंग्रजी अमलापूर्वींची नव्हे, असें निःशंक म्हणावें.

मात्र एवढ्यावरून सबंध कागद बनावट ठरविण्याची घाई करूं नये. नकलनवीस जुना, अपरिचित शब्द काढून आपल्या वेळचा घालतो, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. पाककृतींचीं बाडें तर पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतलीं जातात व प्रत्येक पिढी त्यांत आपल्या बाजारांतलें नांव घालते. अशा वेळीं तें नांव नकलेचा काळ सांगतें, मूळाचा नव्हे. एकाच बाडाच्या दोन प्रती मिळाल्या आणि त्यांत एकाच भाजीस दोन नांवें असलीं, तर तो पाठभेद समजून टाकून न देतां टिपून ठेवावा.

(८)

हा सर्व विचार आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाहीं. मालांच्या भौगोलिक उपदर्शनांविषयींचा कायदा आपल्या देशांत १९९९ सालीं झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्यान्वयें २०१६ सालीं जळगांवचें केळें व जळगांवचें भरिताचें वांगें ह्या दोन्ही नांवांची नोंद झाली. जें नांव आजवर पेठेच्या तोंडीं सैल फिरत होतें, त्यास आतां कायद्यानें हद्द आली : अमुक मुलुखांत पिकलेलें तेंच ह्या नांवानें विकावें. अशा नोंदीसाठीं अर्ज करणारांस त्या मालाचा व त्या मुलुखाचा संबंध जुना आहे, असा पुरावा मांडावा लागतो. म्हणजे गांवाच्या नांवावर शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावयाचे कीं नाहींत, हें कांहीं अंशीं जुन्या कागदांवर येऊन ठरतें.

आणि नेमके हेच कागद आपण जतन केलेले नाहींत. सनद, निवाडा, पोथी हातीं आली तर ती जपून ठेवावी, हें संग्राहकांस सांगावें लागत नाहीं. राजवाड्यांच्या पिढीनें तो धडा घालून दिला आहे. परंतु ज्या कागदांत भाजीचें नांव सांपडेल, ते ह्या प्रतीचे नसतात. ते म्हणजे अडत्याच्या रोजमेळाच्या व खतावणीच्या वह्या, जकातीचे दर व पावत्या, बियाणें विकणारांच्या याद्या, लग्नकार्याच्या सामानाच्या याद्या, देवस्थानच्या नैवेद्याचे हिशेब, आणि घरांतील बायकांनीं उतरून घेतलेलीं पाककृतींचीं बाडें. दुकान बंद झालें किंवा वाडा पाडला म्हणजे ह्या वह्या रद्दींत जातात. मोडी वाचणारा घरांत उरलेला नसल्यानें त्यांत काय आहे हें पाहण्याची तसदीहि कोणी घेत नाहीं.

बियाण्यांच्या याद्यांचें महत्त्व तर विशेष आहे. संशोधनकेंद्रांनीं निवड करून काढलेल्या वाणांच्या नांवांत गांव अजूनहि शिल्लक असतें. कांद्याच्या ‘बसवंत ७८०’ ह्या वाणाचें नांव नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगांव बसवंत ह्या गांवाचें अर्धें नांव आहे. वांग्याच्या ‘मांजरी गोटा’ वाणांत पुण्याजवळचें मांजरी आहे. पिशवीवरचे आंकडे ओळखीचे राहतात आणि गांव मात्र विसरलें जातें. पन्नास वर्षांनीं कोणी ‘बसवंत’ शब्दाची व्युत्पत्ति एखाद्या पुरुषाच्या नांवावरून लावूं लागला, तर त्यास दोष देतां येणार नाहीं. त्याच्यासमोर यादी असली म्हणजे झालें.

म्हणून जळगांव, धुळें व नंदुरबार ह्या तिन्ही जिल्ह्यांतील संग्राहकांस विनंति अशी आहे कीं, जुन्या पेठांतील दुकानदारांच्या वह्या हातीं आल्यास त्या निरुपयोगी समजून परत करूं नयेत. वही ठेवून घेणें शक्य नसेल तर निदान चार गोष्टी टिपून घ्याव्या : पेठेचें नांव, नोंदीची मिति, भाजीचें किंवा फळाचें नांव मुळांत जसें लिहिलें असेल तसें, आणि त्यास ‘चा’ लागला आहे कीं ‘ई’. शक्य झाल्यास दरहि लिहावा. एकाच दिवशींच्या दोन वाणांच्या दरांतील तफावत त्या गांवाच्या नांवास बाजारांत किती किंमत होती हें सांगते. शब्द शुद्ध करून लिहूं नये. बऱ्हाणपूर, धरणगांव, नंदुरबार, चोपडें ह्या पेठांच्या अशा शंभर-दोनशें नोंदी मितिवार लागल्या, म्हणजे वर केलेल्या विधानांपैकीं कोणतीं टिकतात व कोणतीं सुधारावीं लागतात, ह्याचा निर्णय पुराव्यानें होईल.